पिकअप, पाटे आणि पाठ

भोर-वेल्ह्याच्या बाजूला जुनी डिझेल पिकअप विकत घेणे हा एकट्यादुकट्याने उरकायचा व्यवहार नाही. गाडी बघायला घेणारा जातो, त्याचा मेहुणा जातो, मेहुण्याच्या ओळखीतला मिस्त्री जातो, आणि ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही पण ज्याला ‘गाडीतलं कळतं’ असा एक चौथा जातो. कापूरहोळला नाहीतर चेलाडी फाट्याला चहा होतो आणि मग गाडीभोवती प्रदक्षिणा सुरू होते. चौथा गृहस्थ टायरला लाथ मारतो. लाथेतून नेमके काय कळते हे टायर बनवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही, पण ती बसल्याशिवाय तपासणी सुरू झाली असे कोणी मानत नाही. मग बॉनेट उघडते, चार डोकी एकदम आत जातात, सेल्फ मारला जातो, मिस्त्री रेस देतो आणि सगळे जण मागे जाऊन धुराकडे बघत उभे राहतात. मेहुणा हौद्यात चढून दोन उड्या मारतो, फाळका दणकन आपटून बघतो. ‘गाडी एक नंबर आहे, इंजिनला हात लावलेला नाही, टायर बटन आहेत, तेल टाका आणि चालवा,’ हे विकणाऱ्याचे पालुपद मागे चालूच असते. तासाभरात सगळे तपासून होते. राहते ते एवढेच, की पुढची आठ-दहा वर्षे ज्या सीटवर बसायचे आहे त्या सीटवर घेणारा माणूस टेकलेलासुद्धा नसतो.

माझे म्हणणे असे, की ही सगळी तपासणी उलट्या टोकाने चालते. जुनी पिकअप बघायची तर आधी सीट बघावी, मग पायातली पेडले, मग दार, मग गिअरचा दांडा, आणि एवढे पटले तरच बॉनेट उघडायची तसदी घ्यावी. हा शहरी चोचला आहे असे कोणालाही वाटेल. मालाच्या गाडीत कसला आलाय आराम! आराम कारचा आणि भरवसा पिकअपचा, अशी आपल्याकडे वाटणी होऊन गेलेली आहे. पिकअप घ्यायला आलेल्याने सीट मऊ आहे का असे विचारले, तर हा माणूस खरोखर शेती करतो का अशी शंका घेतली जाते. परंतु आराम आणि भरवसा ही दोन खाती वेगळी नाहीत. नव्या गाडीत असतील कदाचित. जुन्या गाडीत मात्र आरामाच्या ज्या जागा, त्याच भरवशाच्या साक्षीदार असतात, आणि उलटतपासणीत न फुटणारे साक्षीदार असतात.

आधी ही गाडी कुठे आणि कशी चालणार आहे ते बघू. वेल्ह्याहून पुण्याला जायला एक वाट मार्गासनी, नसरापूर करत चेलाडी फाट्याला हायवेला लागते. दुसरी पाबे घाट चढून-उतरून खानापूरमार्गे सिंहगड रस्त्याला मिळते. भोरहून कोकणात उतरायचे तर नीरा-देवघर धरणाचे पाणी शेजारी घेऊन वरंध घाट, आणि तोही पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघतात. तालुक्याचे नाव वेल्ह्याऐवजी राजगड करायला 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि 2025 च्या जुलैत राजगड किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. खड्ड्यांकडे मात्र युनेस्कोचे अजून लक्ष गेलेले नाही. गेले असते तर त्यांना हात न लावण्याला निदान कायद्याचा आधार मिळाला असता.

अशा रस्त्यांवर पिकअप पहाटे दुधाचे कॅन आणि भाजीचे क्रेट घेऊन निघते, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रिकामी होते आणि उन्हे चढल्यावर परत येते. दिवाळीनंतर इंद्रायणी तांदळाची पोती, लग्नसराईत मंडपाचे खांब, एरवी खत, सिमेंट, पेंढा. परतीचा माल मिळाला तर मिळाला. म्हणजे मालाची गाडी तिच्या आयुष्यातला चांगला मोठा भाग रिकामी धावते, आणि त्रास आहे तो इथेच. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, सव्वा-दीड टनाचे ओझे झेलायला बसवलेले असतात. ओझे असले की ते लवतात. हौदा रिकामा असला की त्यांना लवायचे काही कारणच उरत नाही, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोचवला जातो. टोमॅटो झोके घेत पुण्याला जातात आणि त्यांचा मालक आदळत-आपटत घरी येतो. टोमॅटोला मणका नसतो, हा भाग वेगळा.

माणसाच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांविषयी आयएसओ 2631 नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचे हादरे सेकंदाला साधारण 4 ते 8 या गतीने बसले की ते सर्वांत जास्त जाणवतात, असे ते मानक धरून चालते. खराब रस्त्यावरच्या मालवाहू गाडीत हे हादरे मागावे लागत नाहीत. सरकारलाही चालकाच्या सुखाची अलीकडे आठवण झालेली आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. फक्त हा नियम एन-2 आणि एन-3 वर्गांना, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या गाड्यांना लागू आहे. आपली पिकअप त्या रेषेच्या खाली बसते. साडेतीन टनांच्या आत माणसाला घाम येत नाही असे कुठल्या तरी समितीत सिद्ध झाले असावे.

यावर कोणी म्हणेल, पाठ दुखते ती माणसाची, गाडीचे त्यात काय जाते? पुष्कळ जाते. खचलेल्या सीटवरचा चालक दोन-तीन इंच खाली बसलेला असतो. त्याचा पाय क्लचच्या पेडलपर्यंत पोचतो, पण पेडल तळापर्यंत जात नाही. क्लच पुरता सुटला नाही की प्लेट घासते आणि गिअर कुरकुर करत पडतो. ती कुरकुर म्हणजे आतले दाते झिजण्याचा आवाज. कंबर अवघडली की माणूस डावा पाय उचलून खाली ठेवायचाही कंटाळा करतो आणि तो क्लचवरच टेकवून ठेवतो, म्हणजे पुन्हा प्लेटच जळते. पाबे घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी धरायची असते, पण अंग आंबलेला माणूस गिअरच्या दांड्याशी झटापट नको म्हणून ब्रेकवर पाय ठेवून उतरतो आणि खाली येईपर्यंत लायनरचा वास सुटलेला असतो. खचलेला स्पंज काही हजारांत बदलून मिळतो. त्याच्यापायी गेलेली क्लच प्लेट, गिअरबॉक्स आणि लायनर यांची बेरीज मिस्त्री हळू आवाजात सांगतो.

याहून महत्त्वाची गोष्ट साक्षीपुराव्याची. गाडी विकायला काढली की इंजिन धुतले जाते, पुसले जाते, नळ्यांना काळे पॉलिश लागते. हौद्याला रंग मारला जातो, बाजूच्या पत्र्यावर नवे वाघ, नव्या चंद्रकोरी येतात. मीटर डिजिटल असले तरी आकडा मागे आणणारे कारागीर आहेत, आणि ते फार वेळ घेत नाहीत. थोडक्यात, जिथे चार डोकी वाकणार तिथली तयारी झालेली असते. जिथे कोणीच बघत नाही तिथे गाडी खरे बोलते. म्हणून खाली वाकावे आणि क्लचच्या पेडलवरचे रबर बघावे. नव्या रबरावर आडव्या उठावदार रेघा असतात. मीटर साठ हजार किलोमीटर सांगत असेल आणि रबर गुळगुळीत होऊन डाव्या कोपऱ्यातून लोखंड चमकत असेल, तर दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे, आणि रबराला खोटे बोलण्यात काही स्वारस्य नाही. मग सीटची उजवी कड दाबून बघावी. चढता-उतरता चालकाचे वजन त्याच कडेवर पडते, त्यामुळे तिथला स्पंज आधी मरतो. दार अर्धे उघडून कडीला धरून वर उचलावे. ते वर-खाली हलले, तर त्याचे बिजागर हजारो वेळा उघडझाप करून थकलेले आहे. बिजागर थकलेले पण सीट बरी, असे असेल तर गाडी वाडी-वाडीला थांबत दूध किंवा माल वाटत फिरलेली आहे. सीट खचलेली पण दार घट्ट, तर ती लांबच्या पल्ल्याला मारलेली आहे. चालकापेक्षा शेजारच्या सीटचा स्पंज जास्त बसलेला असेल, तर गाडीने मालापेक्षा माणसेच जास्त वाहिलेली आहेत, कागदावर काहीही लिहिलेले असो. आणि केबिनच्या टपाला न समजणारी भोके पडलेली असतील, तर गाडी काही हंगाम डीजेच्या भिंती वाहत होती असे खुशाल समजावे. अशा गाडीचे नटबोल्ट एकदा तालात सैल झाले की पुन्हा बेतालपणे आवळावे लागतात.

आपल्या आजोबांना हे शास्त्र माहीत होते. बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटे धरून व्हायचा, पण त्याआधी बघणे व्हायचे ते उघड्यावर. दात बघितले की वय कळे, पण बैल कसा राबवला गेला आहे हे बघायला जाणता माणूस खांद्याला हात लावायचा. जू जिथे टेकते तिथली कातडी राठ झाली आहे, सुजली आहे की जखम भरून आलेली आहे, त्यावरून आधीच्या धन्याची सगळी कुंडली समजे. शिंगांना रंग कितीही लावा, खांदा रंगवता येत नाही. पिकअपमध्ये जू टेकते ती जागा म्हणजे सीट आणि पेडल. बैल गेले, गाड्या आल्या, आणि आपण खांदा सोडून शिंगेच तपासत बसलो.

खांद्याच्या खालोखाल मोठा कबुलीजबाब पाट्यांचा. ‘जादा पाटा टाकलाय, कितीबी माल घाला,’ हे विकणारा छाती पुढे काढून सांगतो आणि ऐकणारे चौघे माना डोलावतात. वास्तविक हे वाक्य कानावर पडताच किंमत खाली यायला हवी. कंपनीने घातलेल्या पाट्यांत एक जास्तीचा घालावा लागला, याचा अर्थ कंपनीने ठरवलेल्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त वजन या गाडीवर नेमाने पडत होते. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही, एवढाच फायदा. अॅक्सल, क्राऊन-पिनियन, ब्रेक, चेसिस यांना कोणी जादा भाऊ आणून दिलेला नसतो. अशी गाडी मागच्या पाट्याच्या खुंटाजवळ चेसिसला हात फिरवून बघावी. तिथे वेल्डिंगचे टाके सापडण्याची शक्यता बरीच. कायद्यातही जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 अशी तरतूद आहे. जादा पाटा म्हणजे त्या गुन्ह्याची लोखंडात घडवलेली कबुलीच. आणि हाच पाटा रिकाम्या गाडीला आणखी कडक करतो. म्हणजे जी गाडी पाठीला सर्वांत जास्त छळते तीच आतून सर्वांत जास्त खिळखिळी असते. पाच किलोमीटर रिकामी गाडी खराब रस्त्यावरून चालवून बघणाऱ्याला हे चेसिसखाली न शिरता कळते. पण चक्कर मारायला विकणारा नेहमी हायवेचाच सर्व्हिस रोड सुचवतो, आणि चौघे ‘मस्त पळतीय’ म्हणून परत येतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला सहज सुचणारा: सीट आणि पेडलचे रबर बदलता येते, मग हा पुरावा कसला? बदलता येते, आणि स्वस्तात येते. तरी कोणी बदलत नाही, कारण घेणारा तिथे बघतच नाही. जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे पैसा घालणारा विक्रेता अजून जन्माला यायचा आहे. आणि समजा बदलले, तर नवे कव्हर वर करून आतला स्पंज बघता येतो. नव्या रबराखालचा पेडलचा दांडा डावीकडे-उजवीकडे खिळखिळा आहे का ते बोटाने कळते. जुन्या खिळखिळ्या दांड्यावर करकरीत रबर असेल तर उलट जास्तच सावध व्हावे. हे लिहून मी युक्ती फोडतो आहे अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. मराठी लेख वाचून कोणी पेडलचे रबर बदलल्याचे अजून ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप मिस्त्री लोकांचा, आणि तो वजनदार आहे: डिझेल गाडीत इंजिन हाच जीव, बाकी सगळा पत्रा. खरे आहे. इंजिन बघायलाच हवे. जाताच बॉनेटवर हात ठेवावा, ते गरम लागले तर तुम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवली आहे आणि थंड असताना ती कशी उठते हे तुम्हाला कळू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी जिथे जायला नको तिथे जाते आहे. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडावे, आतून फुसफुस करत बॅक मारत असेल तर चहा पिऊन घरी यावे. एवढे दहा मिनिटांचे काम. पण या भागात ज्या गाड्या फिरतात त्यांचे इंजिन हा सगळ्यात दुरुस्त होण्याजोगा भाग आहे, हे मिस्त्रीच सांगतात. बोलेरो पिकअपचे 2523 सीसीचे इंजिन डोळे बांधून खोलणारी माणसे भोर-नसरापूरकडे शोधावी लागत नाहीत. भरवसा म्हणजे गाडी कधीच बंद न पडणे नव्हे. डिझेल गाड्यांच्या जगात तसली गाडी फक्त जाहिरातीत असते. आज मार्गासनीच्या पुढे बंद पडलेली गाडी उद्या पहाटेच्या दुधाला उभी राहणे, याला भरवसा म्हणतात. इंजिनाबाबत तो भरवसा मिळतो. सडलेल्या केबिनला, चिरलेल्या चेसिसला आणि चालकाच्या मणक्याला सुटे भाग मिळत नाहीत.

गाडीच्या जातीचा प्रश्नही इथेच सुटतो. बोलेरो पिकअप गावोगाव आहे, म्हणून तिचे भाग गावोगाव आहेत. बसायला ती राजेशाही नाही, पण बऱ्या सीटची, जादा पाटा न टाकलेली मिळाली तर डोळे मिटून नव्हे, उघडे ठेवून घ्यावी. टाटा 207 दणकट, पण आता मिळणाऱ्या बहुतेक इतक्या जुन्या आहेत की त्यांच्यात कोणता भाग मूळचा हे इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवावे लागेल. 2017 ला आलेली योद्धा अंगाने धिप्पाड आहे, फक्त घेण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीने ती कधी खोलली आहे का ते विचारावे. 2011 चा अशोक लेलँड दोस्त सपाटीवर गुणी. आणि 2005 साली आलेला, पुण्यात जन्मलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती: दोन सिलिंडर, 702 सीसी, आणि इंजिन थेट सीटखाली. गरम सीटसाठी परदेशी गाड्या वेगळे पैसे घेतात. छोटा हत्ती ही सोय बारा महिने, वैशाखातसुद्धा, फुकट देतो. गावातल्या गावात तो उत्तम, पण भरलेल्या हौद्यानिशी पाबे घाट चढवायचा तर सोबत पाण्याचा कॅन आणि भरपूर वेळ असावा.

मग आरामच हवा तर इसुझु डी-मॅक्स घ्या, 2022 ला भारतात आलेली टोयोटा हायलक्स घ्या, असे कोणी खवचटपणे सुचवेल. त्या गाड्यांत बसायला सुख आहे यात वाद नाही. परंतु त्यांचा एखादा भाग गेला तर तो पुण्याहून कधी येईल याची वाट बघत बसायलाही तीच सुखाची सीट वापरावी लागेल. मी ज्या आरामाबद्दल बोलतो तो सोफ्याचा आराम नव्हे. पाय तळापर्यंत पोचणे, पाठ टेकणे, दार एका हाताने लागणे, काच वर चढणे, वायपरने पाणी निपटणे, एवढाच. वेल्ह्याच्या पावसात चालणारा वायपर ही चैन वाटत असेल त्याने एकदा जुलैत बंद वायपरनिशी घाट उतरून बघावा.

बीएस-4 घ्यावी की एप्रिल 2020 नंतरची बीएस-6, यावर चौथा गृहस्थ दिवसभर बोलू शकतो. मी थोडक्यात सांगतो. ज्या बीएस-6 गाडीत काजळी धरणारी डीपीएफची गाळणी आहे, तिला ती काजळी जाळून टाकायला अधूनमधून लांबचा, सलग वेगाचा प्रवास लागतो. रोज वाडी ते डेअरी एवढेच फिरणाऱ्याची गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. आठवड्यातून चार वेळा पुणे करणाऱ्याला ही अडचण येत नाही. जुन्या बीएस-4 ला हा जाच नाही, पण तिचे वय मोजावे. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते, शिवाय आठ वर्षांनंतर पर्यावरण कर येतो.

गाडी आधी कोणाकडे होती, यासाठी नाकाचाही उपयोग करावा. वरंध घाटाच्या खालून आलेल्या गाड्यांमध्ये मासळी वाहिलेल्या गाड्या असतात. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून चेसिसवर ठिबकत राहते आणि लोखंड आतून पापुद्र्यांनी सुटते. वरून रंग दिलेला असतो, पण पाऊस पडून ऊन आले की हौदा आपले पूर्वचरित्र स्वतःच सांगू लागतो. विकणारे म्हणून अशी गाडी उन्हाळ्यात दाखवतात. पायातले मॅट उचलून खालचा पत्रा अंगठ्याने दाबावा. तो पापडासारखा वाजला तर गाडीत तुम्ही बसणार नाही, गाडी तुमच्याखालून जाणार आहे.

कागदांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे विनोदाला वाव कमी आणि मनस्तापाला जास्त. एवढे खरे, की नावबदलाच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन हातांतून फिरते आणि नाव पहिल्याचेच राहते. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 50 सांगते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याची. तेव्हा बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, उतरला आहे का, ई-चलन किती थकले आहे, चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, हे मोबाईलवर बघून घ्यावे. हे काम मात्र त्या चांगल्या सीटवर बसून, दार लावून करावे. म्हणजे सीटची अर्ध्या तासाची परीक्षाही आपोआप होते, आणि विकणारा बाहेर उभा राहून अस्वस्थ होतो. भावात पाच-दहा हजारांचा फरक या अस्वस्थतेतून पडू शकतो.

शेवटचा आक्षेप घरून येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. सीट चांगली ठेवली तर गावातला प्रत्येक जण पुढेच बसायला मागेल. आरसीवर चालकासह जेवढी माणसे लिहिली आहेत तेवढीच केबिनमध्ये चालतात, आणि मालाच्या हौद्यात बसवलेली माणसे विमा कंपनीच्या लेखी गाडीत नसतातच, हे चेलाडी फाट्यावर हात करणाऱ्या नात्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची सोय मोटार वाहन कायद्यात नाही. खचलेल्या सीटच्या गाडीला हा त्रास कमी, हे मला मान्य करावे लागेल. तिच्यात एकदा बसलेला माणूस पुढच्या वेळी एसटीची वाट बघतो. चांगल्या सीटच्या गाडीत तो वेल्ह्यापर्यंत येतो, पाय पसरतो, कोणता गिअर कधी टाकायचा ते सांगतो, आणि उतरताना टायरला लाथ मारून म्हणतो, ‘गाडी बरी घेतलीस, पण मला आधी विचारायचं होतंस.’